सागाचा पापुद्रा

व्हॉल्व्हच्या जमान्यातल्या रेडिओची किंवा जुन्या लाकडी स्पीकर-बॉक्सची कड जिथे टवका उडून उघडी पडली असेल, तिथे जरा वाकून पाहावे. अख्खी पेटी सागवानाची वाटत होती, पण सागाचा असतो तो वरचा जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटरचा पापुद्रा. त्याखाली सरसाचा किंवा फेविकॉलचा थर आणि त्याखाली हलक्या लाकडाचे प्लायवूड. सुतारांच्या तोंडी याला विनियर म्हणतात. सागाचा ओंडका धारदार पात्याने कापून त्याचे असे शेकडो पापुद्रे निघतात आणि एका झाडाचे लाकूड अनेक घरांच्या दिवाणखान्यात पोचते.

ठाणे जिल्ह्याने साग दोन्ही टोकांना पाहिला आहे. एका टोकाला शहापूर आणि मुरबाडचे डोंगर, जिथे तो जंगलात उभा असतो. दुसऱ्या टोकाला ठाणे शहर, जिथल्या कारखान्यातून मर्फीचे रेडिओ देशभर गेले. पेटीवरचा फुगलेला पापुद्रा पुन्हा बसवून त्यावर लाखेचे पॉलिश चढवणाऱ्या कारागिराचे काम समजून घ्यायचे, तर या दोन टोकांमधला सगळा रस्ता पाहावा लागतो.

रस्ता जुना आहे. जुन्नरहून निघालेला व्यापारी तांडा नाणेघाट उतरला की मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याला पोचायचा आणि तिथून कल्याण बंदराकडे वळायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्या काळात इथल्या सुतारांना सागाची पारख किती पक्की होती, याचा पुरावा घाटमाथ्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहात मिळतो. तिथे दगडी छताखाली बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. वाळल्यावर तो फारसा आकसतही नाही, फुगतही नाही. जहाजबांधणीला त्याला तोड नव्हती ती याच गुणांमुळे.

सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत गलबते बांधायला घेतली, तेव्हा मागच्या डोंगरांत हे लाकूड होतेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी साग, शिसव तोडताना परवानगी घ्यावी आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. पुढे जहाजे बांधणारे कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे उतरू लागली. तिथे बांधलेली १८१७ सालची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात जतन केलेली आहे. तिचा साग मलबारचा होता. मुंबईच्या गोदीला आणि घरबांधणीला लागणारे लाकूड उत्तर कोकणातूनही येत होते.

लाकडाची ही भूक वाढत गेली, तशी जंगलावर सरकारची पकड घट्ट झाली. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८५५ साली रेल्वे कल्याणहून वाशिंदला आली, १८६१ च्या सुरुवातीला कसाऱ्याला पोचली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली. शहापूर तालुक्यातल्या आसनगाव, आटगाव, खर्डी या स्टेशनांवरून मुंबईची बाजारपेठ काही तासांवर आली. मुरबाडला रेल्वे गेली नाही. तिथून कल्याण गाठायला बैलगाडीच जुंपावी लागे.

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि त्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन भिडल्या. भाताची रोपे तयार करण्यासाठी इथले शेतकरी राब भाजतात. फांद्या, पालापाचोळा, शेण आणि माती थराथराने पसरून ती उन्हाळ्यात पेटवायची आणि त्या राखेवर रोपे वाढवायची. झाडांच्या फांद्या तोडण्यावर बंधने आल्यावर राब करायचा कसा, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. साग आणि शिसव हे सरकारने स्वतःसाठी राखलेले वृक्ष होते. ज्यांच्या दारात ते वाढत होते, त्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली कुटुंबांना त्यांच्यावर कुऱ्हाड चालवायला मिळायची ती ठेकेदाराच्या मजुरीवर.

ही मजुरी कशी होती, ते सरकारी कागदांतच नोंदले गेले. १९३६ साली सरकारने ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर हे तालुके व मोखाडा आणि उंबरगाव हे पेटे (उपतालुके) ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला या भागातल्या आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला सांगितले. १९३९ च्या सुमारास त्यांनी दिलेल्या अहवालात वेठबिगार, कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी आणि जंगलातल्या ठेकेदारांकडून होणारी लूट यांचे वर्णन आहे. पुढे उंबरगाव-डहाणूत गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि जंगलकामाच्या मजुरीसाठी लढे दिले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास आहे.

खेर पुन्हा सत्तेवर आल्यावर मुंबई इलाख्यात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. वर्ष १९४७. यात ठाणे जिल्हा आघाडीवर होता. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, लिलावात ठेकेदाराला न देता थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचा, मजुरी संस्थेने ठरलेल्या दराने द्यायची आणि लाकडाच्या विक्रीतून आलेल्या नफ्यात संस्थेचा वाटा राहायचा, अशी ही रचना होती. वनखात्याने हातोड्याचा शिक्का मारलेले झाड तेवढेच तोडायचे. बुंधा जमिनीलगत छाटायचा, म्हणजे खोडाला फुटवे येतात. ओंडक्याची लांबी-गोलाई मोजून घनफूट काढायचे आणि डेपोत रास लावायची. कामाची रीत तीच राहिली, पण हिशेबाच्या वहीवर मजुराचा हक्क आला. शहापूर-मुरबाडमध्ये आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेक माणसांनी तारुण्यात कुपाचे काम केलेले आहे.

रेडिओ या गोष्टीत येतो तो इथे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते, पण रेडिओ मध्यमवर्गाच्या घरात शिरला तो स्वातंत्र्यानंतर. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीची विविधभारती. मुंबई केंद्रावरच्या ‘आपली आवड’साठी घरातली माणसे रेडिओभोवती जमू लागली. पोस्टातून लायसन्स काढायचे, गच्चीवर किंवा कौलांवर एरियलची जाळी लावायची आणि भिंतीत खास फळी ठोकून त्यावर रेडिओ ठेवायचा. त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. वीज न पोचलेल्या खेड्यांत बॅटरीवर चालणारे सेट आले आणि चावडीवर त्यांच्याभोवती गर्दी होऊ लागली.

रेडिओ हे घरातले फर्निचर आहे, हा विचार मर्फीने मुळातून जोपासला होता. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ साली इंग्लंडमध्ये ही कंपनी काढली. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांनी पेट्यांचे आरेखन गॉर्डन रसेल यांच्या नामांकित फर्निचर कारखान्याकडे दिले आणि गॉर्डन यांचे बंधू डिक रसेल यांनी ते काम हाती घेतले. कोरीव नक्षी टाळून साधी, सरळ रेषांची पेटी करायची आणि सौंदर्य लाकडाच्या रेषांवर सोपवायचे, अशी त्यांची पद्धत होती. हीच दृष्टी मर्फीच्या नावासोबत भारतात आली. ठाण्यातल्या कारखान्यातून निघालेल्या सेटच्या जाहिरातीत गुटगुटीत बाळ होते आणि पेटीवर लाकडाचा पापुद्रा. नेल्को या नावाने पुढे ओळखली गेलेली नॅशनल एको, बुश आणि फिलिप्स यांच्या लाकडी पेट्याही त्याच घराण्यातल्या.

या पेट्यांवरची चमक कुठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. पळस, बोर आणि कोशिंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेसारखा थर साठवतात. तो खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पत्र्यासारखा ओढला की चपडी लाख होते. झारखंडचा रांची परिसर हे तिचे माहेरघर. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाख संशोधनाची संस्था निघाली, कारण जगभर तिला मागणी होती. विनाइल येण्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका लाख आणि दगडाची बारीक पूड यांच्या मिश्रणातूनच दाबल्या जात. गौहर जान यांचा आवाज १९०२ साली कोलकात्यात मुद्रित झाला तो अशाच तबकड्यांसाठी. म्हणजे तबकडी लाखेची आणि तिच्या पेटीवरचे पॉलिशही लाखेचे. मोठ्या कारखान्यांनी पुढे फवाऱ्याने मारायचे लॅकर वापरायला सुरुवात केली, पण गल्लीतला पॉलिशवाला लाखेवरच राहिला. स्पिरिट, चपडी, थोडे चंद्रस आणि सुती फडके एवढ्यावर त्याचे दुकान चालते.

कोकणाच्या पावसाने या पेट्यांची परीक्षा घेतली. सह्याद्रीच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर हवेत ओल भरलेली असते. जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. उष्णतेने आणि पाण्याने तो पुन्हा मऊ पडतो. खालचे प्लायवूड ओलीने फुगते, ऊन पडले की आकसते आणि वरचा पापुद्रा सुटतो. आधी कडा उचलल्या जातात, मग मध्ये फुगवटे येतात. वरच्या बाजूला आणखी एक शत्रू असतो. रेडिओतले व्हॉल्व्ह तापतात, त्यांची धग नेमकी पेटीच्या माथ्याला लागते आणि तिथले पॉलिश तडकते. फुलदाणीच्या ओल्या बुडाचे पांढरे वलय उमटते. खालच्या प्लायवूडला सागासारखे संरक्षण नसल्यामुळे वाळवी आतून पोखरते आणि वर पापुद्रा शाबूत दिसत राहतो.

सुटलेला पापुद्रा कानालाही कळतो. खर्जाचा सूर लागला की तो झणझणतो आणि लोक स्पीकर फाटला म्हणून मेकॅनिककडे जातात. जाणता कारागीर आधी पेटीवर नखाने टकटक करतो. जिथे पापुद्रा घट्ट आहे तिथे भरीव आवाज येतो, जिथे सुटला आहे तिथे पोकळ. पोकळ जागांवर खडूने खुणा करून मगच तो हत्याराला हात घालतो.

पहिले काम पेटी रिकामी करण्याचे. जाळीचे कापड, काचेची पट्टी, खुंट्या आणि स्पीकर काढून ठेवायचा, कारण काचपेपरची धूळ आणि लोखंडाचे कण स्पीकरच्या चुंबकाच्या फटीत गेले तर आवाज कायमचा बिघडतो. मग पॉलिश कोणते आहे ते पाहायचे. पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकला आणि थर चिकट झाला, तर ती लाख. तसाच राहिला, तर लॅकर.

चिकटवलेले सरसाने असेल, तर कारागिराचे नशीब चांगले. फुगवट्यावर ओलसर सुती फडके ठेवून त्यावरून कोमट इस्त्री फिरवायची. आतला सरस विरघळतो आणि पापुद्रा खाली बसतो. लगेच वर कागद, त्यावर सपाट फळी, आणि शिकंजा आवळून रात्रभर ठेवायचे. सरस मेला असेल, तर फुगवट्यावर रेषांच्या दिशेने ब्लेडची बारीक चीर द्यायची, पातळ पात्याने किंवा इंजेक्शनच्या सुईने आत फेविकॉल सोडायचा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसायचा आणि पुन्हा दाब द्यायचा. १९५९ साली बाजारात आलेल्या फेविकॉलने सुताराला चुलीवर सरस शिजवण्याच्या कामातून आणि त्याच्या उग्र वासातून सोडवले. पण त्याच्या येण्याने दुरुस्तीची एक सोयही गेली. सरस पाण्याने आणि उष्णतेने सहज उकलतो, फेविकॉल तितक्या सहज उकलत नाही. म्हणून जुन्या पेट्यांवर काम करणारे काही कारागीर आजही सरसच पसंत करतात.

टवका उडाला असेल तिथे कौशल्य खरे कसाला लागते. ठिगळ चौकोनी कापले तर रेषांना आडवी जाणारी बाजू आयुष्यभर डोळ्यात खुपते, म्हणून ते होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते कापतात. रंग आणि रेषा जुळायला नवे विनियर सहसा उपयोगी पडत नाही. साठ वर्षे उजेड पाहिलेल्या सागाचा मधासारखा रंग नव्याला येत नाही. तेव्हा त्याच पेटीच्या मागच्या किंवा तळाच्या बाजूची पट्टी सोडवून पुढे लावायची आणि मागे नवी बसवायची. मग काचपेपर, तोही हलक्या हाताने आणि फक्त रेषांच्या दिशेने. पापुद्रा इतका पातळ असतो की यंत्र एका जागी क्षणभर जास्त फिरले तरी खालचे प्लाय दिसू लागते, आणि त्या चुकीला दुरुस्ती नाही.

शेवटी पॉलिश. खडूची पूड, पिवडी आणि चिमूटभर गेरू कालवून सागाची रंध्रे भरायची. सुती फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळून तो लाखेत भिजवायचा, पिळायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत राहायचे. एक हात वाळला की दुसरा. मधे अगदी बारीक काचपेपर, मग पुन्हा लाख. थर जितके पातळ तितकी चमक खोल. पावसाळ्यात हे काम करत नाहीत, कारण दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते. दसरा-दिवाळीच्या आधीचे कोरडे दिवस हा पॉलिशवाल्यांचा हंगाम.

हा धंदा उतरणीला लागला तो ट्रान्झिस्टरपासून. प्लास्टिकची पेटी फुटली तर फेकायची असते. टीव्हीच्या सरकत्या लाकडी दारांनी ऐंशीच्या दशकात पॉलिशवाल्यांना थोडे काम दिले, मग तेही गेले. सुतारांनी सनमायका स्वीकारला, कारण त्याला पॉलिश लागत नाही. स्पीकरच्या पेट्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाच्या झाल्या आणि त्यांवर लाकडाचे चित्र छापलेला प्लास्टिकचा कागद आला. हा कागद एकदा सोलला की त्याला दुरुस्ती नाही. शहापूर-मुरबाडच्या हळदीत आणि वरातीत आज दणाणणाऱ्या स्पीकरचे खोके प्लायचेच असतात, पण वर काळा रंग किंवा रेक्झिन, आणि कोपऱ्यांना पत्रा.

लाकडाचीही वाट बदलली. १९७५ साली महाराष्ट्राने खासगी वने ताब्यात घेतली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलातल्या करवत गिरण्या आणि विनियर-प्लायवूडच्या गिरण्या केंद्राच्या परवानगीविना चालवता येणार नाहीत, असा आदेश दिला. मुंबईच्या बाजारात ज्याचा दबदबा होता तो बर्मा सागही आटला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज बाजारात मिळणारा बराचसा साग लागवडीचा आणि कमी वयाचा आहे. जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या झाडाच्या दाट, एकसारख्या रेषा त्यात दिसत नाहीत. शहापूर तालुका मुंबईला आता लाकूड कमी आणि पाणी जास्त देतो. १८९२ साली तानसा तलाव झाला, पुढे भातसा धरण उभे राहिले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा डहाणू, जव्हार, मोखाडा तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले.

या सगळ्याचा अर्थ एवढाच, की पन्नास-साठच्या दशकांतल्या रेडिओ-स्पीकरवरचा सागाचा पापुद्रा पुन्हा मिळणारा माल नाही. तो ज्या झाडांतून आला ती झाडे तोडणाऱ्या हातांनी कधी वेठीत, कधी तुटपुंज्या मजुरीवर आणि पुढे आपल्या सहकारी संस्थेत काम केले. ज्यांनी तो पेटीवर बसवला आणि झळाळून दाखवला, त्यांची विद्या कुठल्या पुस्तकात नाही. अशा पेटीवर सनमायका ठोकणे किंवा ती भंगारात किलोने देणे हे नुकसानच आहे.

ज्यांच्या माळ्यावर असा सेट असेल त्यांनी तो या दिवाळीआधी खाली काढावा, नखाने टकटक करून पाहावा आणि चालू होत नसला तरी त्याची पेटी दुरुस्त करून घ्यावी. नवा तैलरंग किंवा चकचकीत पॉलियुरेथेन मारू देऊ नये, लाखेचाच हात मागावा. पॉलिशवाल्याला त्याच्या वेळेचे पूर्ण पैसे द्यावेत. आणि जमल्यास गावातल्या एखाद्या तरुण सुताराला ते काम चालू असताना शेजारी बसवावे, म्हणजे पुढची पेटी दुरुस्त करायला माणूस शोधत ठाण्या-मुंबईला जावे लागणार नाही.